अंगणात मुरणारे पाणी

मागील अंकात उन्हाळ्यातील पाणीटंचाईविषयी लिहिले, तेव्हा एका वाचक भगिनीने पत्रातून टोमणा मारला : "बडोद्यात दोन महिने पाणी नाही म्हणून रडायचे आणि दोन महिने पाणी आले म्हणून रडायचे. दुसऱ्या रडण्याविषयी केव्हा लिहिता?" टोमणा रास्त आहे. म्हणून या खेपेस पावसाच्या पाण्याविषयी. आणि आरंभी थोडा कबुलीजबाब.

आमच्या जुन्या घराच्या अंगणात आईच्या काळी शेणसडा पडत असे. मध्ये तुळशीवृंदावन, कडेला जास्वंद व पारिजातक, आणि पन्हळीतून पडणाऱ्या धारेने खणलेला एक कायमचा खळगा. २०१३ साली थोरल्या चिरंजीवांचे लग्न ठरले तेव्हा चिखलाचा हा संसार आम्हांस लाजिरवाणा वाटू लागला. वृंदावन तेवढे ठेवून सारे अंगण कोटा फरशीने झाकले. गवंड्याने उतार फाटकाकडे असा सुरेख दिला की पाऊस थांबताच पाच मिनिटांत अंगण कोरडे! आल्यागेल्यास आम्ही ते कौतुकाने दाखवीत असू. ते पाणी फाटकाबाहेर कोठे जाते, हा प्रश्न मात्र घरात कोणासही पडला नाही.

३१ जुलै २०१९ रोजी शहरावर चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा उत्तर मिळाले. आमच्या घरासमोरील गुजराती बेनचे घर रस्त्याच्या सखल बाजूस आहे. त्यांच्या कोठीत वर्षाचे गहू भरलेले होते, ते सगळे भिजले. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारपूस करावयास गेलो असता त्या म्हणाल्या, "पाणी तो भगवाननुं छे, भाई." आम्ही मान डोलावली खरी, पण घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली.

हिशेब अगदी प्राथमिक शाळेतला आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. आमची गच्ची ८० चौरस मीटरांची. त्या एका दिवसात तिच्यावर पडलेले पाणी ४०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे चार टँकर! अंगण ४० चौरस मीटरांचे. त्याचे आणखी दोन. हे सहाही टँकर आम्ही स्वखर्चाने केलेल्या उतारावरून रस्त्यावर सोडले होते. त्यांतले भगवंताचे किती आणि आमचे किती, हे बेनना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर मी भलतीच आशा दाखवीत आहे असे व्हावयाचे. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते. वर पाऊस झाला, आजवा भरले आणि नदी पात्र सोडून मगरींसह वस्तीत शिरली, म्हणजे कोणाच्याही अंगणातील खड्डा तिला अडवू शकत नाही. २०२४ च्या ऑगस्टमधील पूर असाच नदीचा होता. नदीकाठची कोतरे, जी पूर्वी असे पाणी पोटात घेत, ती ठिकठिकाणी बुजविली गेली आहेत; तो प्रश्न घरगुती नव्हे, सार्वजनिक आहे. परंतु दरवर्षी चार-सहा वेळा, नदी शांत असतानाही, तासाभराच्या सरीने गल्ल्या तुंबतात. ते पाणी आपल्याच छपरांचे आणि फरश्यांचे असते. गटाराला एका तासात जे झेपत नाही, ते सहा तासांत झेपते. पाणी थोडे अडविणे व थोडे मुरविणे, एवढेच घराचे काम.

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही निम्म्याहून अधिक फरशी उखडली. घरात विरोध झाला. सूनबाईंचा सर्वांत कमी, सौभाग्यवतींचा सर्वांत अधिक. उखडण्यापूर्वी मातीची परीक्षा केली, तीही सोपी आहे. हातभर खोल खड्डा खणून तो दोनदा पाण्याने भरून मुरू द्यावा. तिसऱ्यांदा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. आमची माती गोराडू, रेताड, इंचभर उतरली. म्हणजे मोकळे केलेले २५ चौरस मीटर अंगण तासाला सहाशे लिटर पाणी, कोणताही खर्च न करता, गिळू शकते. फरशीखालची माती वर्षानुवर्षे दबलेली असते. ती फावड्याने सैल करून शेणखत व पालापाचोळा मिसळावा लागतो, हे विसरू नये.

गच्चीच्या पाण्यासाठी पाच फूट लांब, पाच फूट रुंद व सहा फूट खोल असा शोषखड्डा केला. तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी आणि शेवटी जाड वाळू. एकूण माप १५० घनफूट, म्हणजे सुमारे ४,२०० लिटर. परंतु दगडविटांमधील पोकळी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच, म्हणून एका वेळी मावते ते चौदाशे लिटर. गच्चीचा नळ प्रथम एका लहान हौदात सोडला आहे, तेथे पाने व गाळ अडतो. पहिल्या एक-दोन पावसांचे गच्ची धुतलेले पाणी खड्ड्यात घेत नाही. शेजाऱ्यांनी "खाळकूवो" म्हणून प्रथम नाके मुरडली. त्यांच्या मनात सांडपाण्याचा खड्डा आला असावा. मोरीचे पाणी यात कदापि सोडू नये.

खड्डा भिंतींपासून दहा फूट तरी दूर असावा, संडासाच्या टाकीपासूनही दूर. ज्यांच्याकडे काळी चिकणमाती आहे त्यांनी तर अधिकच जपावे. ती माती पाण्याने फुगते, वाळल्यावर आकसते आणि पायास तडे नेते. शिवाय तासाला जेमतेम एक ते पाच मिलिमीटर पाणी मुरवते. तेथे खड्ड्याचा हट्ट न धरता पन्हळीखाली मोठी पिंपे वा टाकी ठेवावी, आणि पाऊस ओसरल्यावर ते पाणी सावकाश सोडावे किंवा वापरावे. पिंपावर बारीक जाळी हवीच. उघड्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. आमचा खड्डा पाच-सहा तासांत रिकामा होतो, म्हणून ती धास्ती नाही. सदनिकांत राहणाऱ्यांनी निदान वाहनतळाची सबंध जमीन सिमेंटची करू देऊ नये. सभेत एकट्याने हात वर करावा लागतो, एवढेच.

गेल्या पावसाळ्यातील पहिल्या मोठ्या सरीत आमचा खड्डा पाऊण तासात भरला आणि वरचे पाणी पूर्वीसारखेच फाटकाबाहेर गेले. मी छत्री घेऊन बेनच्या ओट्यापाशी उभा होतो. पहिली पायरी बुडाली, दुसरीला पाणी लागले नाही. ते आमच्या खड्ड्यामुळे की पाऊस लवकर थांबल्यामुळे, हे सांगता येत नाही. बेननी मात्र आमच्या गवंड्याचा पत्ता मागून घेतला.