सातबाऱ्यावर नाव, दाव्यात नाही

ठाण्याहून बाळकुमच्या बाजूने खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कशेळी गाव लागते. एके काळी येथे भातशेती होती. आज कशेळी, काल्हेर, पूर्णा या साऱ्या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. जमिनीला भाव आला, तशी जमिनीचे कागद बारकाईने पाहण्याची सवयही लोकांना लागली. बाप वारला आणि लहान मुलाचे नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर चढले, तर त्या नोंदीत ‘अ. पा. क.’ ही अक्षरे येतात. अज्ञान पालनकर्ता, असा त्यांचा अर्थ. खरेदीदाराचा वकील ही अक्षरे पाहताच सावध होतो, कारण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे मुलाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत खुद्द आईबापांनाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, वा पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही.

त्या जमिनीवरून दिवाणी दावा लागला आणि मूल त्यात प्रतिवादी असले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बत्तिसाव्या आदेशानुसार न्यायालयाला त्याच्यासाठी दाव्यापुरता पालक नेमावा लागतो. ज्याचे हितसंबंध मुलाच्या हितसंबंधांविरुद्ध जातात अशा माणसाला त्या जागी बसता येत नाही. जमीन अर्ध्या गुंठ्याची असली तरी नियम तोच.

आता समजा, त्याच गावातील दुसऱ्या एका मुलाचे आईबाप विभक्त झाले आणि मुलाचा ताबा कोणाकडे राहावा यावर न्यायालयात अर्ज पडला. मूल कोणत्या घरात निजणार, कोणत्या शाळेत जाणार, धाकट्या बहिणीबरोबर वाढणार की तिच्यापासून तुटणार, हे सारे या अर्जावर ठरणार असते. पण या दाव्यात मूल वादी नसते आणि प्रतिवादीही नसते. ते दाव्याचा विषय असते. त्यामुळे त्याच्यासाठी कोणी स्वतंत्र माणूस उभा करण्याचे बंधन न्यायालयावर येत नाही. मुलाच्या जमिनीसाठी जी काळजी कायदा घेतो ती खुद्द मुलासाठी घेत नाही, ही विसंगती आता तरी दूर व्हावयास हवी.

तत्त्व आहे, वाहक नाही

भारतीय कायद्यात मुलाच्या हिताची उपेक्षा झाली आहे असे कोणी म्हणणार नाही. सर्व धर्मीयांना लागू असलेल्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने पालक नेमताना मुलाचे कल्याण पाहण्यास सांगितले आणि समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा न्यायालयाला दिली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमात मुलांच्या इच्छेचा उल्लेख आहे. १९५६ च्या कायद्याने मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ निकष ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने तर १९७३ सालीच बजावले की, मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. तत्त्वाची उणीव कोठेच नाही.

उणीव आहे ती तत्त्वाला लागणाऱ्या माहितीची. न्यायाधीश निर्णय देतो तो त्याच्यासमोर आलेल्या पुराव्यावर; आणि ताब्याच्या दाव्यात तो पुरावा आणणारे दोघेच असतात, आईचा वकील आणि बापाचा वकील. आपल्या अशिलाची बाजू जोरकसपणे मांडणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे, त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. दुखावलेल्या आईबापांनाही देता येणार नाही. पण जी गोष्ट दोघांनाही अडचणीची असते ती या रचनेत न्यायालयापुढे येतच नाही. मुलाला दोन्ही घरे हवी आहेत, किंवा त्याचा खरा आधार आजी आहे, किंवा ते गेले सहा महिने शाळेत कोणाशी बोललेले नाही, ही माहिती कोणत्याच पक्षाच्या कैफियतीत बसत नाही.

अर्थशास्त्रात एक साधा सिद्धान्त आहे. दोघांच्या व्यवहाराचा बोजा त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यावर पडत असेल, तर त्या दोघांनी ठरविलेली किंमत योग्य किंमत नसते. कारखान्याच्या धुराबद्दल हे आपण मान्य करतो. कौटुंबिक दाव्यांतही असे सौदे होतात. पोटगीची मागणी सोडली तर मुलाचा ताबा मिळतो. ताब्याचा हट्ट सोडला तर पोटगीची रक्कम वाढते. सहमतीच्या अटींवर दोघांच्या सह्या होतात आणि दावा निकाली निघतो. ज्याच्या बालपणाची त्यात देवघेव झाली, त्याच्या वतीने तो मसुदा कोणी वाचलेलाही नसतो. म्हणून सहमती झाली की मुलाचे हित आपोआप साधले, हे गृहीतही तपासून पाहावयास हवे.

समुपदेशक आणि न्यायाधीश

कुटुंब न्यायालये असताना मुलासाठी आणखी कोण हवे, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येईल. वैवाहिक तंटे नेहमीच्या दिवाणी न्यायालयांच्या रुक्ष वातावरणातून बाहेर काढावेत हा विचार दुर्गाबाई देशमुख यांनी १९५३ सालच्या चीन-भेटीनंतर आग्रहाने मांडला होता. कायदा १९८४ साली झाला आणि १९८९ साली पुणे व मुंबई येथे कुटुंब न्यायालये सुरू झाली. या कायद्याने समुपदेशक दिले, बालकल्याणातील तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची सोय केली, आणि वकिलाच्या हक्काला मर्यादा घालतानाच गरज भासल्यास न्यायमित्र नेमण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. या सुधारणा मोलाच्या आहेत.

परंतु समुपदेशकाचे पहिले काम समेटाचे असते. दोन्ही पक्षांचा विश्वास टिकविल्याखेरीज त्याला ते करता येत नाही. मुलाची बाजू घेऊन तो एका पक्षाविरुद्ध ठाम उभा राहिला तर समेटाचे दार तेथेच बंद होते. मध्यस्थ आणि प्रतिनिधी ही दोन कामे एकाच माणसाकडे सोपविली, तर दोन्हींना बाधा येते.

न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून बोलतात, हेही खरे. अनेक न्यायाधीश हे काम अत्यंत हळुवारपणे करतात. पण ज्या पालकाबरोबर मूल आले, त्याच्याबरोबरच त्याला परत जावयाचे असते. पढविलेले उत्तर आणि मनातले उत्तर यांतला फरक अर्ध्या तासाच्या भेटीत ओळखणे कठीण असते. न्यायाधीशाला शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोलता येत नाही, शेजाऱ्यांना भेटता येत नाही आणि महिन्याभराने पुन्हा घर पाहता येत नाही. हे करणारा माणूस वेगळाच असावा लागतो.

शिवाय ही सोय सर्वत्र नाही. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरासाठीच कुटुंब न्यायालय स्थापण्याचे बंधन कायद्याने राज्य सरकारवर घातले. इतर ठिकाणी ते सरकारच्या मर्जीवर आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सुमारे ७ लाख १० हजार होती, आणि कशेळी तर त्या शहराच्याही हद्दीबाहेरचे गाव. कुटुंब न्यायालयाची हद्द जेथे पोचत नाही तेथे ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या वाटेने जातो, आणि समुपदेशकाची रचना त्या वाटेवर मुळातच नाही.

या परिसरातील मुलांची स्थिती आणखी एका कारणाने नाजूक आहे. यंत्रमाग आणि गोदामे यांवर पोट असलेली कितीतरी कुटुंबे उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांतून आलेली आहेत. घरात कलह माजला की मुलाला गावी पाठविले जाते. मूल साधारणतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा, असे १८९० चा कायदा सांगतो. तेव्हा पहिला वाद उभा राहतो तो मूल साधारणतः राहते कोठे, याचाच. हा वाद चालू असता मुलाची एक शाळा सुटलेली असते आणि दुसरी लागलेली नसते. ते कोणत्या भाषेत मोकळेपणाने बोलते, हेही पुष्कळदा कोणी विचारलेले नसते.

गुन्ह्यात सोबत, कलहात एकाकी

मुलासाठी स्वतंत्र माणूस ही कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलासाठी २०१२ च्या पोक्सो कायद्याखालील नियमांत सहायक व्यक्तीची तरतूद आहे. त्याच्या कुटुंबाला आपला वकील देता येतो आणि ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरण तो पुरविते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क मूलभूत तत्त्वांत घातला आणि सामाजिक चौकशीचा अहवाल आवश्यक मानला. म्हणजे मुलावर गुन्हा घडला किंवा मुलाकडून गुन्हा घडला, तर त्याच्याजवळ कोणी तरी येऊन उभे राहते. घर मोडले, तर मात्र येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या अनुच्छेदाने, आपल्यासंबंधीच्या न्यायालयीन कामकाजात मुलाला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत म्हणणे मांडण्याची संधी मिळावी असे म्हटले. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. ऑस्ट्रेलियात न्यायालय मुलासाठी स्वतंत्र वकील नेमू शकते. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे १९७७ साली एका न्यायाधीशाने प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून हे काम करवून घेण्यास आरंभ केला. इंग्लंडने त्यासाठी २००१ साली स्वतंत्र संस्थाच उभारली. तेथे मुलाला पालकांपासून काढून घेण्याच्या दाव्यांत मुलाचा पालक नेमणे हा प्रघात आहे आणि आईबापांच्या आपसांतील दाव्यांत तो अवघड प्रकरणांपुरता नेमला जातो. ही मर्यादा आपणही ध्यानात ठेवावी. प्रत्येक अर्जात तिसरा वकील उभा करणे गरजेचे नाही आणि परवडणारेही नाही.

करता येण्याजोगे

आरंभासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क स्त्रियांना आहे, तसाच बालकांनाही आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अडचण एवढीच की मूल स्वतः अर्ज करीत नाही, आणि आईने किंवा बापाने त्याच्या नावे अर्ज केला तर येणारा वकील पुन्हा त्या पक्षाचाच ठरतो. म्हणून हा प्रश्न न्यायालयानेच आपण होऊन काढला पाहिजे. कुटुंब न्यायालयांच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. ताब्याच्या प्रत्येक वादग्रस्त अर्जात, मुद्दे ठरविण्याच्या वेळी, या मुलाला स्वतंत्र प्रतिनिधी हवा काय, याचा निर्णय कारणांसह नोंदवावा, एवढा एक नियम झाला तरी फार मोठा फरक पडेल. हिंसेचा आरोप असेल, भावंडांची ताटातूट होणार असेल, किंवा मूल दुसऱ्या राज्यात नेले जाणार असेल, तर प्रतिनिधी नेमणे हाच नियम असावा. जिल्हा न्यायालयांपुढील अर्जांनाही तोच दंडक लागू व्हावा.

हा प्रतिनिधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतून यावा, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातील समाजकार्य जाणणाऱ्या माणसांची त्याला जोड मिळावी. त्याची निवड पक्षकारांनी करू नये आणि मोबदला सरकारने द्यावा. जो पैसे देतो त्याचे ऐकले जाते, हा नियम येथेही चुकत नाही. मुलाची इच्छा काय आणि मुलाचे हित कशात, या दोन गोष्टी त्याने अहवालात वेगवेगळ्या लिहाव्यात, कारण त्या नेहमी एक असतातच असे नाही. निर्णय न्यायाधीशाचाच राहील. प्रतिनिधी दुसरा न्यायाधीश होऊ लागला, तर एक दोष घालवून दुसरा आणल्यासारखे होईल.

यावर खर्चाचा आणि विलंबाचा आक्षेप येईल. खर्च आहेच, पण चुकलेल्या निर्णयामुळे पुन्हा पुन्हा पडणारे अर्ज, अपिले आणि बुडणारी शाळा यांचाही खर्च होतो, फक्त तो कोणत्या अंदाजपत्रकात दिसत नाही. विलंबाबाबत बोलायचे, तर मुलाच्या वतीने तारखांना विरोध करणारा आज कोणीच नाही. दोन्ही पक्षांना तारीख वाढवून हवी असते तेव्हा ती सहज मिळते. दोन वर्षे चाललेला दावा प्रौढांच्या आयुष्यात एक वाईट कालखंड असतो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या आजवरच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा असतो. त्या हिश्श्याचा हिशेब न्यायालयापुढे मांडणारा एक तरी माणूस प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे.