सिस्टर, आडनाव काय?

"सिस्टर, आडनाव काय तुमचं?" वॉर्डात हा प्रश्न निव्वळ कुतूहलापोटी क्वचितच येतो. उत्तर ऐकलं की काहींना माझ्या हातचं पाणी चालत नाही. त्याच हातानं लावलेलं सलाईन मात्र बिनबोभाट चालतं. केरळच्या सिस्टरांना तर नावच नसतं, सरसकट ‘मद्रासी’. पेशंटशी मी वाद घालत नाही. ताप आणि भीती माणसाला काहीही बोलायला लावतात. धडधाकट नातेवाइकांना ही सवलत नाही. त्यांना पॅसेजमध्ये नेऊन सांगते, ड्यूटी माझी आहे, सिस्टर बदलून मिळणार नाही. चारचौघांत जातीवरून शिवी आली तर लेखी तक्रार. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा दवाखान्याच्या दारात थांबत नाही. खरी पंचाईत होते ती "जाऊ दे गं, पेशंटचे नातेवाईक आहेत" म्हणणाऱ्या आपल्याच वरिष्ठांमुळे.