लाल बावटा परका, तर मग साचा कुठला?



कामगाराने जरा मान वर केली की एक ठरलेला सवाल त्याच्या तोंडावर फेकतात. "हा तुमचा कम्युनिझम परका आहे. जर्मनीत जन्मला, रशियात वाढला. इथल्या मातीत त्याचं काय काम?" १९९१ साली सोव्हिएट संघ मोडला तेव्हापासून या सवालाला एक शेपूट जोडलं आहे : "आणि आता तर तो मेलासुद्धा!" परका म्हणून हाकलायचा आणि मेला म्हणून पुरायचा, असा हा दुहेरी न्याय. आम्ही चार बुकं शिकलेली माणसं. पण ताणा कुठला आणि बाणा कुठला एवढं आम्हाला कळतं. तेव्हा या दोन्ही सवालांचा हिशेब आज चुकता करू या.

पहिला सवाल परकेपणाचा. ठीक आहे. मग आधी सांगा, साचा कुठला? कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. तिचं इंजिन विलायतेचं, चात्या विलायतेच्या, शेअर विकून कंपनी उभी करायची युक्तीसुद्धा विलायतेची. तेव्हा कुठल्या पंडिताने बंदरावर उभं राहून "परकं आहे, परत न्या" म्हटलं? कुणी नाही. गिरणी आली, भोंगा आला, मस्टर आलं, दंड आला, मुकादमाची दस्तुरी आली. हे सगळं बघता बघता देशी झालं. आणि या दुखण्यावर जो औषध सांगतो तो तेवढा परका! रोग चालतो, वैद्य चालत नाही. कोणाला चालत नाही, हे काय आम्ही सांगायला पाहिजे?

आता या वैद्याची जात बघू. १८४२ साली फ्रेडरिक एंगल्स नावाचा २२ वर्षांचा पोरगा इंग्लंडात मँचेस्टरला आला. बाप मालक, तिथल्या सुताच्या गिरणीत भागीदार. पोराने कचेरीत बसून धंदा शिकावा ही बापाची इच्छा. पण पोरगा कचेरी सुटली की कामगारांच्या वस्त्यांत फिरू लागला. मेरी बर्न्स या आयरिश कष्टकरी बाईने त्याला त्या गल्ल्या दाखवल्या. ओल आलेल्या खोल्या, यंत्रात सापडलेले हात, पाळीला जुंपलेली लेकरं हे सगळं त्याने पाहिलं आणि १८४५ साली इंग्लंडातल्या कामगारांच्या स्थितीवर पुस्तक छापलं. त्याचा जोडीदार कार्ल मार्क्स. दोघांनी मिळून १८४८ च्या फेब्रुवारीत लंडनला कम्युनिस्ट जाहीरनामा काढला. पुढे १८६७ साली मार्क्सने 'भांडवल' हा ग्रंथ लिहिला. त्यातही सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल पानोपान आहेत, आणि त्यांतले किती तरी कापडगिरण्यांचे. म्हणजे डोकी जर्मन होती हे खरं, पण त्या डोक्यांत जो कापूस पिंजला गेला तो गिरणीतला होता. मुंबईच्या चाळीतल्या माणसाने ते पुस्तक उघडलं तर त्याला आपलंच खातं दिसेल.

आणि त्यात सांगितलं आहे तरी काय? आम्ही आमच्या भाषेत सांगतो. समजा पाळी आठ तासांची आहे. तुमचा रोज भरून निघेल एवढं कापड तुम्ही पहिल्या चार तासांत काढलंत. मग साचा बंद होतो का? मुकादम म्हणतो का, "बाबा, तुझं झालं, घरी जा"? उरलेले चार तास तुम्ही कोणासाठी राबता? त्या चार तासांच्या घामाला मार्क्सने नाव दिलं वरकड मूल्य. मालकाचा नफा, सावकाराचं व्याज, जागेचं भाडं, सगळं त्याच घामातून निघतं. दुसरी गोष्ट बदलीवाल्याची. सकाळी दरवाजावर बदली कामगारांची रांग उभी असते. आतल्याला सांगायचं, "जमत नसेल तर बाहेर शंभर उभे आहेत." बाहेरच्याला सांगायचं, "मिळतंय ते घे." मार्क्सने या रांगेला राखीव फौज म्हटलं. फौज मालकाची, आणि उपाशी मरायचं आम्ही! यात परकं काय आहे? हे आम्हाला मार्क्सच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याने फक्त जमाखर्च मांडून दाखवला.

"बाहेरचे पुढारी येतात आणि गरीब बिचाऱ्या कामगाराला भडकवतात" असंही म्हणतात. अहो, जरा इतिहास चाळा! जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून आलेले नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती त्या चळवळीने. तेव्हा हिंदुस्थानात कम्युनिस्ट औषधालाही नव्हता. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची सजा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस! तेव्हाही इथे कम्युनिस्ट पक्ष नव्हता. परदेशात आसरा घेऊन राहिलेल्या लेनिनने मात्र त्या संपाची दखल घेऊन त्याच वर्षी लेख लिहिला. म्हणजे लेनिनला मुंबईच्या कामगाराची खबर होती, आणि इथल्या चाळीत लेनिनचं नावही कोणी घेत नव्हतं. मग कोणी कोणाला भडकवलं?

रशियाचीच गोष्ट निघाली आहे तर तीही गिरणीपासून सांगू. इवानोवो हे रशियाचं मँचेस्टर. १९०५ च्या मे महिन्यात तिथल्या कापडगिरण्यांचा मोठा संप झाला. कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडले आणि तालका नदीच्या काठी सभा भरवल्या. त्या प्रतिनिधींच्या मंडळाला रशियन भाषेत सोव्हिएट म्हणतात. सोव्हिएट म्हणजे काही तोफ नव्हे की राजवाडा नव्हे. सोव्हिएट म्हणजे संपाची कमिटी! पुढे ८ मार्च १९१७ ला, महिला दिनाच्या दिवशी, पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका भाकरी मागत रस्त्यावर आल्या. लोखंडाच्या कारखान्यांवर जाऊन त्यांनी गड्यांना बाहेर काढलं. आठवडाभरात झार तख्तावरून उतरला. ज्या क्रांतीच्या नावाने दुनियाभरचे थैलीशहा दचकले, तिचा पहिला भोंगा सूत काढणाऱ्या बायांनी वाजवला. आमच्या वाईंडिंग खात्यातल्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावं. आणि बायकांना सभेत मागे बसवणाऱ्या गड्यांनी तर जरूर ठेवावं.

आता मुंबई. १९२८ साली मालकांनी नवी टूम काढली. दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवावेत, म्हणजे माणसं कमी लागतील. ज्याला काढला तो दरवाजावर, आणि ज्याला ठेवला त्याचं कंबरडं मोडलं. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर राहिले. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, याच संपात उभी राहिली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही नावं सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्या बरोबरीने अर्जुन आळवे आणि कासले होते, ते स्वतः गिरणीतले कामगार. युनियनची ताकद व्याख्यानात नव्हती, गिरणीगिरणीत निवडलेल्या कमिट्यांत होती. खात्यातला माणूस खात्यातल्या तक्रारीवर बोलायला जॉबरसमोर उभा राहू लागला. सरकार घाबरलं ते याला. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली आणि पुढाऱ्यांना दूर मीरतला नेऊन खटला भरला. निकाल लागला १९३३ च्या जानेवारीत. खटला जवळपास चार वर्षं! मुंबईत का नाही चालवला? कारण मुंबईत कोर्टाबाहेर गिरणगाव उभा राहिला असता.

इथवरची गोष्ट सांगताना छाती फुगते. पण बंधूंनो, नुसती छाती फुगवणारी गोष्ट अर्धी असते. "मेला मेला" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर मेलं काय, हे नीट बघितलं पाहिजे.

ज्या रशियात सोव्हिएट जन्मलं, तिथेच पुढे सोव्हिएटचं नाव राहिलं आणि कमिटी गेली. स्तालिनच्या काळात लाखो माणसं तुरुंगात, छावण्यांत गेली. त्यांत जुने क्रांतिकारकही होते. १९५६ साली ख्रुश्चेव्हने पक्षासमोर त्याची कबुली दिली. पण पुढे १९६२ च्या जूनमध्ये काय झालं? नोव्होचेर्कास्कच्या इंजिन कारखान्यात कामाचे दर कापले आणि त्याच सुमाराला मांस-लोणी महाग केलं. कामगार लाल झेंडे घेऊन मोर्चाने निघाले. त्यांच्यावर गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसं मेली आणि प्रेतं गुपचूप पुरली. लाल झेंड्याखालच्या सरकारने लाल झेंडा धरलेल्या कामगारावर गोळी झाडली! १९८० च्या ऑगस्टमध्ये पोलंडात ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात संप झाला, स्वतंत्र युनियन मागण्यासाठी. त्या कारखान्याचं नाव होतं लेनिन. पुढच्या वर्षी डिसेंबरात तिथे लष्करी कायदा लागला. जे राज्य कामगाराच्या नावाने चालतं आणि कामगाराला संप करू देत नाही, त्याला मालकाचं राज्य म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? खुर्चीवर पगडी बसली काय आणि लाल टोपी बसली काय, बिगारी ती बिगारीच.

इथेही तीच खोड लागली होती. १९४१ साली हिटलरने रशियावर हल्ला केला आणि इथल्या पक्षाच्या कचेरीने लढाईला लोकयुद्ध ठरवलं. १९४२ ला देश 'चले जाव' म्हणत असताना पक्ष बाजूला राहिला. हे धोरण खात्यातल्या माणसाला विचारून ठरलं नव्हतं. आणि जातीचं काय? विणखात्यात धोट्यातून नवा धागा तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्णाला चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचं विणखातं दलित कामगाराला बंद! १९२८ च्या संपातच डॉ. आंबेडकरांनी हा सवाल उभा केला. जो झेंडा एका धोट्यावरची शिवाशीव पुसू शकत नाही, तो दुनिया कशी बदलणार? याचं उत्तर रस्त्यावर मिळालं ७ नोव्हेंबर १९३८ ला. संपावर बंधनं घालणाऱ्या बिलाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. निळा आणि लाल एका मोर्चात आले की मालकाच्या पोटात गोळा येतो. म्हणून तर त्यांना वेगळं ठेवायची एवढी धडपड!

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही हेच दिसलं. समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन सगळे होते. पण २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाऊंटनवर गोळ्या झेलायला कागदावरची समिती गेली नव्हती. माणसं गेली होती, आणि त्यांत कामगार होते. त्या लढ्यात शंभरावर हुतात्मे झाले. महाराष्ट्र राज्य जन्मलं तो दिवसही १ मे, कामगार दिन. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांसाठी ज्या दिवशी हत्यारं खाली ठेवली तो दिवस. कामगाराला वगळून या राज्याची जन्मपत्रिका मांडताच येत नाही.

मग मेलं काय आणि जिवंत काय? आमचं म्हणणं सरळ आहे. कमिटी खात्यात बसते तोवर विचार जिवंत. कमिटी खात्यातून उठून कचेरीत गेली आणि कामगाराला हुकूम सोडू लागली की विचार मेला, मग झेंड्याचा रंग कोणताही असो. १९९१ साली मॉस्कोत कचेरी पडली. वरकड मूल्य कुठे पडलं? मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे बंद झाले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांतले किती तरी परत साच्यावर उभे राहिलेच नाहीत. धुराडी पडली आणि जमिनीवर टॉवर चढले. पण दरवाजावरची रांग संपली का? भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागावर जाऊन बघा. तिथे मस्टरवर नावसुद्धा नसतं. २०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. संपाला १४ दिवसांची नोटीस हवी. निम्म्या कामगारांनी मिळून रजा टाकली तरी तो संपच. आणि कारखाना बंद करण्याची, कपातीची परवानगी आधी शंभर कामगारांच्या कारखान्याला लागे, ती मर्यादा तीनशेवर नेली. मेलेल्या भुताला बांधायला एवढा मोठा दोरखंड कशाला वळतात हो?

म्हणून बंधूंनो, कोणी लाल झेंडा घेऊन आला म्हणून त्याच्या पाया पडू नका, आणि कोणी लाल झेंड्याला शिव्या देतो म्हणून घाबरू नका. जो कोणी येईल त्याला तीन सवाल विचारा. तुझ्या युनियनमध्ये संपाचा निर्णय कोण करतो, खातं की कचेरी? तुझ्या पंगतीला दलित आणि बाई मानाने बसतात का? आणि उद्या तुझं राज्य आलं तर तुझ्याविरुद्ध संप करायचा हक्क आम्हाला राहील का? तिन्ही उत्तरं सरळ आली तर तो आपला, मग तो मँचेस्टरचा असो की मालवणचा. उत्तर देताना अडखळला तर तो परका, मग तो आपल्याच चाळीतला का असेना!

तुटलेलं सूत सांधायचं असतं, फेकायचं नसतं. खात्याखात्यात कमिटी उभी करा. बदलीवाल्याला आत घ्या. बहिणींना पुढे बसवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!
खात्यातली कमिटी झिंदाबाद!