शिदोरी आणि पंगत

कपाशीची उलंगवाडी झाली, हात जरा मोकळे झाले, की आपल्या यवतमाळकडची कितीतरी कुटुंबे पैनगंगा ओलांडून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जातात. वाटेत हॉटेलातले तेलकट कशाला? पीठ दुधात मळून केलेल्या दशम्या मऊ राहतात. सोबत जवसाची कोरडी चटणी नि कांदा. झाडाखाली फडके सोडले की पोरेही न कुरकुरता जेवतात.

परत आल्यावर एक दिवस शेतात रोडगे करावेत. जाडसर कणकेत मीठ नि तेलाचे मोहन घालून घट्ट मळावे, गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजावेत, राख झटकून फोडावेत आणि वर तूप सोडावे. जोडीला वरण नि वांग्याची भाजी.

पण मंडळी, एक विचारू? प्रवासाच्या दिवशी पहाटे उठून दशम्या थापते कोण? आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाते कोण? रोडगे भाजणे पुरुषांना चांगले जमते. त्या दिवशी निखारा त्यांनीच सांभाळावा आणि घरच्या माउलीने पहिल्या पंगतीला बसावे. गरम रोडग्यावरचे तूप तिलाही आवडते.