पुस्तिकेचा बळी

“खेळ पडद्यावर आहे ना? मग डबीत कागद हवा कशाला?” असे विचारणारे शहाणे आज पुष्कळ भेटतात. त्यांना माझा उलट प्रश्न आहे : मारिओला चेहरा कोणी दिला?

१९८१ साली ‘डाँकी काँग’ या जपानी व्हिडिओ गेममध्ये मारिओ अवतरला, तेव्हा त्याच्या वाट्याला जेमतेम सोळा ठिपक्यांची उंची आली. तोंड दाखवता येईना, म्हणून मिशा. केस जमेनात, म्हणून टोपी! शिगेरु मियामोतोंनी युक्तीने वेळ निभावली. पण त्या ठिपक्यांचा गुबगुबीत, हसरा माणूस झाला तो कागदावरच. ‘हायडी’ची पात्रे रेखाटणारे योइची कोताबे १९८५ मध्ये निन्टेन्डोत आले आणि मारिओच्या चित्रांना ठाशीव रूप लाभले. १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या पुस्तिकेत राक्षसांची चित्रे होती. ती पाहावी, मग पडद्यावरच्या ठिपक्यांत राक्षस ओळखावा! अर्धे काम चित्रकाराचे, अर्धे मुलाच्या कल्पनेचे.

२०१० मध्ये युबिसॉफ्टने पर्यावरणाच्या नावाने छापील पुस्तिका बंद करण्याचे जाहीर केले. आज बहुतेक डब्या रिकाम्याच उघडतात. कागद गेला, प्लास्टिकची डबी मात्र शाबूत! हे कसले निसर्गप्रेम?

म्हणे, आता पडदाच सगळे दाखवतो. दाखवतो खरा, पण क्षणभरच. पुस्तिकेतले चित्र मुलाच्या हाती राही. ते पाहून ते वहीत गिरवी. मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन आपण नेमकी कसली बचत केली?