घरपट्टीची पावती आणि निळी रेघ

जुलै २०२२ ची गोष्ट. चंद्रपुरात इरईचे पाणी वस्त्यांत शिरले आणि आमच्या शाळेच्या वर्गांत पूरग्रस्त कुटुंबे उतरली. आम्ही शिक्षक नावे लिहून घेत होतो. एका विद्यार्थिनीची अम्मी आली. कडेवर धाकटा आणि हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ना कपडे, ना भांडी. रेशनकार्ड, निकाहनामा आणि घरपट्टीच्या पावत्या होत्या, वर्षांप्रमाणे लावलेल्या.

"मॅडम, एक वर्ष चुकवलं नाही. घर आमचंच आहे ना?"

आम्ही लगेच म्हणालो, "आहे ना भाभी, पावत्या आहेत म्हणजे झालं."

ते उत्तर चूक होते. पडलेल्या भिंतीच्या मदतीसाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा बांधकाम परवानगी मागितली गेली. ती नव्हती. प्लॉट स्टॅम्पपेपरवर घेतलेला, लेआउट मंजूर नाही आणि जागा नदीच्या पूररेषेत. अर्ज तिथेच अडकला. त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला. आज तोच आमच्या वाचक भगिनी-बंधूंपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट पावतीची. महानगरपालिका घरावर कर लावते, तो घर उभे आहे म्हणून. मालक कोण आणि बांधकाम कायदेशीर की नाही, हे ती पावती ठरवत नाही. उलट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६७-अ आहे. त्यानुसार अनधिकृत बांधकामावर नेहमीच्या कराशिवाय शास्ती, म्हणजे दंड, बसू शकतो. लहान घरांना त्यात पुढे सवलती मिळाल्या. पण दंड भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिले आहे. खेड्यातही तेच. गडचिरोली जिल्ह्यात आमचे बरेच नातेवाईक ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' लोखंडी पेटीत जपतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा कागद नव्हे.

दुसरी गोष्ट निळ्या रेघेची. नदीचे दोन्ही काठ मोजून जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर जातो, ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध, तिथे नवे घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या भागात अटींवर बांधता येते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे तिथे घराचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंच हवे.

'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी मात्र फसू नका. तो सरासरीचा हिशेब आहे. आपल्या चंद्रपूरने २००६, २०१३ आणि २०२२ असे तीन मोठे पूर पाहिले. रहमतनगर, सिस्टर कॉलनी, राजनगर या भागांतल्या लोकांना हे सांगायला नको. इरई धरण भरले की दरवाजे उघडतात. खाली वर्धा नदी फुगलेली असली तर तिच्या दाबाने इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे येते आणि घरांत शिरते. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही उंबऱ्यावर पाणी येते, ते असे. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा फुगते, सिरोंच्याला गोदावरी. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे पाणी सोडले, तेव्हा वैनगंगेने ब्रह्मपुरीकडची गावे वेढली होती.

आता घरपट्टीचे बिल हातात घ्या. सामान्य कर, पाण्याचा, मलनिःसारणाचा, वृक्ष कर, अग्निशमनाचा, शिक्षण कर असे रकाने दिसतील. पुरापासून बचावाचा रकाना नाही. त्यामुळे हे काम नेमके कोणाचे, हे घरमालकाला कळत नाही. नाले महानगरपालिकेचे, पूररेषा जलसंपदा विभागाची, इरई धरण औष्णिक वीज केंद्राचे आणि पंचनामा तहसीलचा. पाणी घरात शिरले की माणूस चार दारे फिरतो.

बाहेरच्या देशांत याची वेगळी रीत आहे. नेदरलँडमध्ये बांध आणि पाणी सांभाळणारी जलमंडळे शेकडो वर्षांपासून आहेत. ती आपला वेगळा कर घेतात आणि त्यांची निवडणूकही होते. अमेरिकेत ह्यूस्टन शहराच्या भागात पूरनियंत्रणाचा वेगळा जिल्हा १९३७ मध्ये स्थापन झाला. त्याचा कर घरमालकाच्या बिलात वेगळा दिसतो. त्याच टेक्सास राज्यात पाणी-गटाराची सोय करणारे छोटे कर-जिल्हेही आहेत. अशा जिल्ह्यातले घर विकताना, तिथे कोणता कर लागतो हे विकणाऱ्याने घेणाऱ्याला आधी लेखी कळवावे लागते. तिथेही पूर येतात. २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालेच होते. पण पैसे कशाचे दिले आणि जाब कोणाला विचारायचा, हे तिथल्या घरमालकाला ठाऊक असते.

आपल्याकडे नवा कर लावा, असे आमचे म्हणणे नाही. आहे तोच भरताना गरिबाची दमछाक होते. आमची मागणी साधी आहे. घरपट्टीच्या बिलावर एक ओळ छापा: 'ही मालमत्ता निळ्या रेषेत आहे / दोन रेषांमध्ये आहे / बाहेर आहे.' नकाशा सरकारजवळ असतो, घराचा क्रमांक महानगरपालिकेजवळ. दोन्ही एका कागदावर आले तर कितीतरी कुटुंबांची जन्माची पुंजी वाचेल.

तोवर आपण काय करावे? प्लॉट घेण्याआधी नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, त्यावर पूररेषा पाहा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका कोणाच्या नावावर आहे, ते तपासा. स्टॅम्पपेपरवरच्या नोटरीवर भागवू नका, नोंदणीकृत खरेदीखत करा. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो नियमित झाला आहे का, ते लेखी विचारा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यासाठी ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी धरली आहे, पण पूररेषेची अडचण त्याने आपोआप सुटत नाही. आणि जागा पाहायला मे महिन्यात जाऊ नका, ऑगस्टमध्ये जा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "चाचा, पाणी कुठवर आलं होतं?" ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

जे आधीच तिथे राहतात, त्यांनी घरपट्टी थांबवू नये. पावत्या राहत असल्याचा पुरावा म्हणून कामी येतात, त्या जपाव्यात. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. नियमित होण्याची वाट आहे का, नसेल तर पुनर्वसनाच्या यादीत नाव आहे का, हे वस्तीने मिळून लेखी विचारावे. एकट्याच्या अर्जापेक्षा शंभर सह्यांच्या अर्जाला उत्तर लवकर येते.

त्या भाभी गेल्या महिन्यात पुन्हा शाळेत आल्या. मोठ्या मुलीचे लग्न झाले आहे आणि जावई प्लॉट पाहत आहेत. या वेळी त्यांच्या हातात पावत्या नव्हत्या, झोन दाखल्याचा कोरा अर्ज होता.

"मॅडम, हा भरून द्या. आधी रेघ पाहू, मग बयाणा देऊ."

आम्ही शाळेचा तास संपवून आधी तो अर्ज भरला.