मिटवून टाकण्याची ही बाब नव्हे

मुलांच्या अडचणी घरातच मिटवाव्यात, समुपदेशक हे शहरातले खूळ आहे, या आशयाचे पत्र वाचून राहवले नाही. वडीलधाऱ्यांचा आधार मोलाचा, हे मला मान्य. पण त्रास देणारा नात्यातला किंवा ओळखीचाच असेल, तर लेकराने कुणाच्या तोंडाकडे पाहायचे?

अशा वेळी प्रकरण दाबणे हाच गुन्हा आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायलाच हवी. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, हेही मी जाणते. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावा, असे तोच कायदा सांगतो. किती पालकांना हे ठाऊक आहे?

2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचाराची घटना घडली तेव्हा शाळांमधील मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी-सावित्री समित्यांची सर्वांना आठवण झाली. त्या नेमण्याचा शासन निर्णय मात्र 2022 चा होता! समिती फाइलीतच राहिली, तर मूल बोलणार कुणाशी?

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा मुलांचा सण. लाकडी नंदी घेऊन मुले जिथे जमतात, तिथे नगरपरिषदेने 1098 हा मोफत मदतक्रमांक ठळक लावावा आणि प्रत्येक शाळेने समिती सदस्यांची नावे फाटकावर लिहावीत, ही विनंती.

— एक पालक, सिंदी (रेल्वे), जि. वर्धा